कॅरव्हॅनमधील सौर वीजव्यवस्था : कोकण किनारपट्टी

राहण्याची सोय असलेल्या मोटारगाडीच्या (कॅरव्हॅन) छपरावर सौर पॅनेल बसवून, त्यांपासून मिळणारी वीज बॅटरीत साठवून, महावितरणच्या जोडणीशिवाय गाडीतील दिवे, पंखे, फ्रीज, पाण्याचा पंप आणि स्वयंपाकाची लहान उपकरणे चालविण्याची व्यवस्था. अशा व्यवस्थेला व्यवहारात ‘ऑफ-ग्रिड’ असेच म्हटले जाते. ‘जालविरहित’ हा शब्द अर्थाला जवळचा आहे. पॅनेल, बॅटरीत जाणाऱ्या प्रवाहाचे नियमन करणारा चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि एकदिश प्रवाहाचे २३० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर ही तिची चार प्रमुख अंगे होत.

सौर विद्युत घटाचा उगम कोणत्या वर्षी मानावा याविषयी मतभेद आहेत. फ्रेंच भौतिकीविज्ञ एदमाँ बेक्रेल यांना १८३९ मध्ये विद्रावात बुडविलेल्या विद्युत अग्रांवर प्रकाश पडताच विद्युत प्रवाह निर्माण होत असल्याचे आढळले, आणि पुष्कळ ग्रंथ तेथूनच आरंभ करतात. तथापि तो परिणाम द्रवातील होता. घन पदार्थातील परिणाम विल्यम ग्रिल्स ॲडम्स व रिचर्ड डे यांनी १८७६ मध्ये सेलेनियमात दाखविला. चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमावर सोन्याचा पातळ थर देऊन केलेला घट काही ठिकाणी १८८३ चा, तर काही ठिकाणी १८८४ चा सांगितला जातो. त्याची कार्यक्षमता सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी असावी. गाडीच्या छपरावर आज दिसणाऱ्या सिलिकॉन पॅनेलची सरळ वंशरेषा मात्र बेल प्रयोगशाळेतील चेपिन, फुलर व पिअरसन यांनी १९५४ मध्ये सादर केलेल्या, सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेच्या घटापर्यंत जाते, आणि प्रस्तुत विषयापुरते तेच वर्ष आरंभाचे मानणे अधिक योग्य ठरते. बॅटरीच्या बाबतीत असा वाद नाही : शिसे-अम्ल संचायक घट गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला, तर लिथियम आयर्न फॉस्फेट या धनाग्र द्रव्याची (बॅटरीच्या धन अग्रासाठी वापरायच्या पदार्थाची) उपयुक्तता १९९६-९७ च्या सुमारास टेक्सास विद्यापीठात संशोधक जॉन गुडइनफ यांच्या गटाने दाखविली.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. कोकणात या गाड्यांचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असतो.

किनारपट्टीवर आडव्या पृष्ठावर पडणारी सौर ऊर्जा वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला दररोज सुमारे ५ किलोवॉट-तास, म्हणजे बोलीभाषेतील ५ युनिट असते. मार्च-एप्रिलमध्ये ती ६ युनिटांच्या वर जाते व जुलैमध्ये ढगांमुळे जवळजवळ निम्म्यावर येते. मध्यम आकाराच्या व्हॅनच्या छपरावर, हवेचा झरोका व कडा वगळता, ४०० वॉटची पॅनेल सहज बसतात. त्यांपासून तारा, उष्णता व धूळ यांमुळे होणारी हानी धरून दिवसाला सुमारे दीड युनिट वीज मिळते. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज ०.६ युनिट, २८ वॉटचे दोन पंखे दहा तास चालल्यास ०.५६ युनिट, दिवे व मोबाइल ०.१२ युनिट आणि ७५० वॉटच्या मिक्सरवर ओल्या नारळाचे वाटण दहा मिनिटे केल्यास ०.१२५ युनिट, असा एकूण खर्च १.४ युनिटांच्या आसपास येतो. वाटणासाठी पाट्यावरवंट्याकडे परतण्याची गरज नाही हे यावरून स्पष्ट होते. एक टनाच्या वातानुकूलकाला मात्र एका रात्रीत पाच किंवा अधिक युनिटे लागतात आणि ती या छपरातून निघत नाहीत. बॅटरी मोठी घेतल्याने ही उणीव भरून येत नाही, कारण जे छपराने भरता येत नाही ते साठविताही येत नाही. किनाऱ्यावरील अनेक जोडण्या याच मुद्द्यावर चुकतात.

या प्रदेशातील खरी अडचण उन्हाची नसून सावलीची आहे. बारा व्होल्टच्या पॅनेलमध्ये सामान्यतः ३६ घट एकसरीत (एकामागोमाग एक) जोडलेले असतात, त्यामुळे एका घटावर पडलेली गडद सावलीही संपूर्ण सरीचा प्रवाह रोखते. ही हानी मर्यादित ठेवण्यासाठी बगल-डायोड बसविलेले असतात आणि ते सावलीतील गट वगळून उरलेल्या घटांचा प्रवाह पुढे जाऊ देतात. आंब्याची सावली एकसंध असते आणि तिचा परिणाम निदान अजमावता येतो. माडाच्या झावळीची सावली मात्र पट्ट्यापट्ट्यांची व वाऱ्याबरोबर हलणारी असून ती एकाच वेळी सर्व गटांवर पडू शकते, त्यामुळे अर्धे पॅनेल उन्हात दिसत असूनही वीज नाममात्र मिळते. पॅनेल एकसरीत जोडावीत की समांतर, याविषयी दोन मते आहेत. एकसरीत जोडल्यास व्होल्टता वाढते, बारीक तार पुरते व एमपीपीटी (पॅनेलमधून सतत जास्तीत जास्त शक्ती काढून घेणाऱ्या) प्रकारचा कंट्रोलर सकाळी लवकर कामास लागतो. समांतर जोडल्यास एका पॅनेलवरील सावली दुसऱ्यास बाधत नाही. वाडीत मुक्काम करणाऱ्या गाडीला समांतर जोडणी, किंवा शक्य असल्यास प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र कंट्रोलर, अधिक हितकारक ठरतो. सड्यावरील उघड्या कातळावर गाडी उभी केल्यास हा प्रश्नच उरत नाही, परंतु मग आतील माणसांना दुपार सोसावी लागते. गाडी सावलीत ठेवून घडीचे पॅनेल आठ-दहा मीटर तारेने उन्हात मांडणे हा मधला मार्ग होय. माडाखाली गाडी लावताना नारळ पडून पॅनेलची काच फुटण्याचा धोकाही लक्षात घ्यावा.

पॅनेलला कल द्यावा की ती सपाट ठेवावीत, हा प्रश्न ऋतूवर अवलंबून आहे. रत्नागिरीचे अक्षांश सुमारे १७° उत्तर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा सपाट पॅनेल उत्तम काम देते. डिसेंबरअखेर, म्हणजे पर्यटकांच्या ऐन गर्दीत, तोच सूर्य मध्यान्हीही क्षितिजापासून जेमतेम ५०° उंचीवर असतो आणि सपाट पॅनेलवर थेट किरणांचा सुमारे तीन-चतुर्थांश भागच पडतो. एका जागी दोन-तीन दिवस थांबणाऱ्यांनी बिजागरीचे पाय बसवून पॅनेल दक्षिणेकडे कलती करावीत. रोज चालणाऱ्या गाडीला तो खटाटोप परवडत नाही.

पॅनेलची अंकित शक्ती घटाच्या २५° से. तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात घटाचे तापमान ६०° ते ६५° से.पर्यंत जाते आणि दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के शक्ती कमी होते, म्हणून छप्पर व पॅनेल यांत पाच ते आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. पत्र्याला थेट चिकटविलेली लवचीक पॅनेल या दृष्टीने गैरसोयीची आहेत. खाऱ्या वाऱ्यामुळे उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो व सांध्यांचा रोध वाढतो, यासाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या तारा व ३१६ दर्जाच्या गंजरोधक पोलादाचे स्क्रू वापरतात. पॅनेल आयईसी ६१७०१ या क्षारफवारा चाचणीत उतरलेले असावे. काचेवरील मिठाचा व जांभ्याच्या तांबड्या धुळीचा थर पहाटे, काच थंड असताना, गोड्या पाण्याने धुवावा.

शिसे-अम्ल बॅटरी स्वस्त असते, पण ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची ८० ते ९० टक्के धारकता वापरता येते, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे २.५ युनिटे मावतात व वरील खर्चाला ती दीड दिवस पुरते. शून्य अंशाखाली ती भारित करू नये हा नियम कोकणात लागूच होत नाही. भारणाची वरची मर्यादा मात्र बहुतेक उत्पादक ४५° ते ५५° से. देतात, म्हणून ती इंजिनाजवळ किंवा उन्हाने तापणाऱ्या पत्र्यालगत ठेवू नये. तिची व्होल्टता बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्याने व्होल्टमीटरवरून शिल्लक कळत नाही. त्यासाठी शंटवर (प्रवाह मोजण्यासाठी तारेत जोडलेल्या अत्यल्प रोधावर) चालणारा मापक लागतो. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० अँपिअरांहून अधिक प्रवाह ओढतो. तीन मीटर अंतरासाठी, जाण्या-येण्याची तार धरून, १६ चौ. मिमी. तारेत यामुळे सुमारे ०.६ व्होल्ट गळतात, तर ३५ चौ. मिमी. तारेत ०.३ व्होल्टपेक्षा कमी. फ्यूज बॅटरीच्या धन अग्राला अगदी लागून असावा, कारण त्याच्या अलीकडील तारेला कोणतेच संरक्षण नसते. चालत्या इंजिनावर भारण करायचे असल्यास मध्ये डीसी-डीसी चार्जर आवश्यक आहे. तो नसल्यास लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रातून) मर्यादेबाहेर प्रवाह ओढून त्यास तापविते.

निसर्ग चक्रीवादळानंतर (३ जून २०२०) रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या काही भागांत वीजपुरवठा कित्येक आठवडे बंद होता. अशा वेळी ही व्यवस्था घरालाही काही प्रमाणात उपयोगी पडते.

मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल गाडीत करता येत नाहीत. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना शिसे-अम्ल बॅटरी पूर्ण भारित ठेवतात, तर लिथियम बॅटरी निम्म्याच्या किंचित वर भारित ठेवून मुख्य स्विच बंद करतात व अग्रांना व्हॅसलीन लावतात.