घरासमोर कारशेड टाकायचीय? आधी पास झालेला नक्शा काढा, मग आम्हाला फोन करा

मे महिन्यात इंदुरात दुपारी गाडीचं स्टेअरिंग हाताला चटका देतं तेव्हा सगळ्यांना शेड आठवते आणि आमचा फोन वाजायला लागतो. चांगलंच आहे, धंदाच आहे आमचा. पण दहातले सात जण विचारतात "स्क्वेअर फुटाचा रेट काय", आणि आम्ही उलट विचारतो "एमओएस किती सोडलाय", की पलीकडे शांतता.

एमओएस म्हणजे मार्जिनल ओपन स्पेस, प्लॉटच्या पुढे, मागे, बाजूला जी जागा मोकळी सोडायची ती, आणि मोकळी म्हणजे वर आकाश दिसेल अशी मोकळी. मध्य प्रदेश भूमि विकास नियम २०१२ मधे प्लॉटच्या साइजप्रमाणे ती ठरते, तुमचा आकडा तुमच्या नगर निगमने पास केलेल्या नक्श्यावरच लिहिलेला असतो, म्हणून शेजाऱ्याने टाकली म्हणून मी पण टाकतो हा हिशोब धरू नका.

"अहो पण भिंती कुठायत, चार पाइप आणि वर पत्रा, हे बांधकाम कसं?" हा प्रश्न रोजचा. तर नियमात बिल्डिंगची व्याख्या फार मोठी आहे, कुठल्याही मटेरियलचं, कुठल्याही कामासाठी उभं केलेलं स्ट्रक्चर त्यात येतं. सूट आहे ती परवानगी घेऊन लग्नाकार्याला तात्पुरत्या टाकलेल्या मांडवाला. पाइपाखालची बेस प्लेट फरशीत बोल्टने कसली आणि वर कलर कोटेड शीट बसली की तो मांडव राहत नाही.

आता खरी अडचण बघा. समजा समोर १० फूट एमओएस आहे, म्हणजे ३ मीटरच्या जरासं वर. बहुतेक छोट्या गाड्या सुद्धा साडेतीन मीटरच्या आसपास किंवा पुढेच जातात, आणि नॅशनल बिल्डिंग कोड गॅरेजची किमान लांबी त्याहून जास्तच सांगतो. मग गाडी सरळ लावली की नाक गेटबाहेर, आणि लोक म्हणतात की शीट जरा बाहेर काढा ना, दोन फूट, नालीपर्यंत. नाही काढणार. गेटबाहेरची जागा नगर निगमची आहे, तिथे आलेलं शीट कापून नेलं तर बिल कोणाचं, आणि ओरडा कोणाला, आम्हालाच! १५ बाय ५० च्या प्लॉटवर तर आम्ही स्वतःच सांगतो की शेड सोडा, चांगलं कव्हर घ्या.

जमतं कुठे? घराच्या मूळ नक्श्यात पोर्च किंवा पार्किंग दाखवलेली असेल तिथे. नवं घर बांधताय तर आत्ताच आर्किटेक्टला सांगून नक्श्यात टाकून घ्या, नंतरचा त्रास वाचतो. घर जुनं असेल तर आधी झोन ऑफिसात भवन अधिकाऱ्यांना विचारा. आयडीएचा (इंदूर विकास प्राधिकरणाचा) लीज प्लॉट असेल तर लीज डीड पण वाचा, त्यात वेगळ्या अटी असतात. परवानगी नसताना उभं केलं तर नगर पालिक निगम अधिनियम १९५६ च्या कलम ३०७ ची नोटीस येऊ शकते. कंपाउंडिंगची, म्हणजे फी भरून बांधकाम नियमित करून घ्यायची, सोय आहे, पण ती सगळ्याला लागू होत नाही, त्या भरवशावर आम्ही काम सुरू करत नाही.

पाण्याचं मात्र नीट ऐका. सुरुवातीला राजेंद्र नगरात आम्ही एक शेड केली, उतार शेजाऱ्यांच्या कंपाउंडकडे दिला, कारण तिकडून दिसायला छान वाटत होतं. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत सगळं पाणी काकूंच्या तुळशीवर! दुसऱ्या दिवशी दोन पोरं पाठवून फ्रेम सोडली, उतार फिरवला, खर्च आमच्या खिशातून. तेव्हापासून दहा फुटाला निदान एक फूट उतार, तो आपल्याच अंगणात, पन्हाळ आणि खाली पाइप, आणि पाणी आपल्याच जमिनीत मुरवायचं. १४० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवर रेन वॉटर हार्वेस्टिंग तसंही लागतंच.

वारा विसरू नका. पावसाच्या आधीच्या वादळात शीट खालून उचललं जातं, म्हणून आम्ही स्क्रूला रबर वॉशर घालतो आणि पाइप नुसते फरशीवर नाही, काँक्रीटच्या पायात बसवतो. कोणी स्वस्तात नुसत्या फरशीवर बोल्ट मारून देत असेल तर त्याला विचारा, शीट उडून समोरच्यांच्या गच्चीवर पडलं तर उतरवायला येशील का?

येताना पास नक्श्याची फोटोकॉपी आणा, गेटपासून भिंतीपर्यंतचं माप आणा, आणि जमलं तर गाडीच घेऊन या, टेप आमच्याकडे आहे.