नदीने किती गाळ हलवला? वजाबाकीवर किती विश्वास ठेवायचा?

पूर ओसरल्यावर नदीचे पात्र ओळखू येत नाही. एखादा काठ ढासळलेला असतो, खडीचा पट्टा खाली सरकलेला असतो, जुना डोह बुजलेला असतो. पण एकूण किती गाळ हलला, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पुराआधी आणि पुरानंतर पात्राची मोजणी करून उंचीचे दोन डिजिटल नकाशे बनवतात. असा नकाशा म्हणजे छोट्या चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनाला एक उंची. नव्या उंचीतून जुनी वजा करायची. उत्तर उणे आले तर धूप, अधिक आले तर भर. फरकाला चौकोनाच्या क्षेत्रफळाने गुणून बेरीज केली की घनमीटरमध्ये हिशेब मिळतो.

एवढी वजाबाकी नकाशांचे कोणतेही सॉफ्टवेअर करते. यातला कोणता फरक खरा आणि कोणता मोजणीतल्या त्रुटीचा, हा खरा अवघड प्रश्न आहे. नद्यांचे अभ्यासक जो व्हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले ‘जिओमॉर्फिक चेंज डिटेक्शन’ (जीसीडी, म्हणजे भूरूपातील बदल ओळखणे) हे मोफत सॉफ्टवेअर त्याच प्रश्नासाठी आहे. त्यामागची पद्धत त्यांनी २०१० च्या शोधनिबंधात मांडली. त्यासाठी स्कॉटलंडमधील फेशी या अनेक फाट्यांनी वाहणाऱ्या, खडीच्या पात्राच्या नदीची २००३ ते २००७ या काळातली जीपीएस मोजणी वापरली होती.

समजा, दोन्ही नकाशांत प्रत्येकी १० सेंटीमीटरची त्रुटी आहे. वजाबाकीत ती वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाने वाढते, म्हणजे सुमारे १४ सेंटीमीटर होते. ९५ टक्के खात्री हवी असेल, तर २८ सेंटीमीटरपेक्षा कमी फरक सोडूनच द्यावा लागतो. आणि इथेच मोठा घोटाळा होतो. धूप बहुधा अरुंद जागी आणि खोल होते; भर मात्र पुष्कळदा पातळ थराने दूरवर पसरते. एक हेक्टरवर ५ सेंटीमीटर गाळ साचला तर तो ५०० घनमीटर भरतो, पण २८ सेंटीमीटरची ही किमान मर्यादा, म्हणजे उंबरठा, सरसकट लावला की तो सगळा हिशेबातून गायब! मग भर घालणारी नदीही कागदावर धूप करणारी दिसू शकते.

म्हणून जीसीडी त्रुटी जागोजागी वेगळी धरू देते. सपाट, कोरड्या वाळूवर दाट बिंदू घेतलेले असतील तर त्रुटी कमी. उभ्या काठावर बिंदू विरळ असतील तर जास्त. असे ‘जर-तर’चे नियम फझी लॉजिकने, म्हणजे ठाम हो-नाहीऐवजी कमी-अधिक अंशांत विचार करणाऱ्या पद्धतीने, जोडले जातात. शिवाय शेजारचे चौकोन पाहिले जातात. एकट्याच चौकोनात ८ सेंटीमीटर भर दिसली तर शंका घ्यावी. आजूबाजूला सगळीकडे तसाच कल असेल तर ती खरी असण्याची शक्यता वाढते, आणि सॉफ्टवेअर त्या चौकोनाची संभाव्यता तशी सुधारते. या पद्धतीतला हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो, कारण नदी गाळ टाकते ती सलग पट्ट्यांनी, सुटा चौकोन बघून नव्हे.

काही चुका मात्र कोणत्याही उंबरठ्याला पुरेशा दाद देत नाहीत. एक पूर्ण नकाशा २ सेंटीमीटरने वर सरकला असेल, तर १० हेक्टरवर २,००० घनमीटरचा खोटा गाळ उभा राहतो. इकडेतिकडे विखुरलेल्या चुका बेरजेत बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात, ही एकाच दिशेची चूक साचत जाते. त्यामुळे न बदलणारे खडक आणि पक्के संदर्भबिंदू दोन्ही वेळा मोजून ताडून पाहणे अत्यावश्यक आहे.

शिवाय, पुराच्या ऐन भरात एक मीटर खोल खरवडलेला तळ पूर ओसरताना पुन्हा भरला, तर दोन्ही नकाशे जवळपास सारखेच येतात आणि प्रत्यक्षात वाहून गेलेला गाळ हिशेबात येतच नाही. चंचल पात्राच्या नदीत म्हणूनच वर्षातून एकदा अतिसूक्ष्म मोजणी करण्यापेक्षा प्रत्येक मोठ्या पुरानंतर साधी मोजणी करणे मला अधिक मोलाचे वाटते.