डीएपीनं शेत ‘विषारी’ होतं का?

डीएपी या फॉस्फेटच्या खताबद्दल इंदूरच्या आसपास अजून ऐकू येतं: ‘डीएपी टाकत राहा, दहा वर्षांत माती विषारी.’ हिशोब करून बघा. भीती आहे ती खतातल्या कॅडमियमची, म्हणजे एका विषारी जड धातूची. ते येतं खत ज्यापासून बनतं त्या फॉस्फेटच्या खडकातून. युरोपीय संघाची मर्यादा स्फुरदाच्या (पी२ओ५) किलोमागे 60 मिलिग्रॅम. तेवढं असलेलं खत धरू. सोयाबीन आणि गहू, दोन्हींना हेक्टरी 60 किलो स्फुरद, म्हणजे वर्षाला 7.2 ग्रॅम. वरच्या 15 सेंटीमीटर मातीचं वजन सुमारे 20 लाख किलो. वाढ किलोमागे 0.0036 मिलिग्रॅम, पन्नास वर्षांत 0.18.

म्हणजे साठतं, पण हळू. शिवाय माळव्याची काळी माती चिकण आणि अल्कधर्मी, कॅडमियम धरून ठेवते. माती आम्लधर्मी किंवा पाणी खारट असलं, की मात्र ते पिकात सहज जातं.

‘रॉक फॉस्फेट नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हा तर उलटाच न्याय; कॅडमियमचं मूळच तो खडक!

खरी काळजी सांडपाण्यावरच्या पालेभाज्यांची. मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांत कॅडमियम नाही, ती तपासणी वेगळी मागावी लागते. नमुना 8-10 जागांवरून 15 सेंटीमीटरपर्यंत, स्टीलच्या खुरप्यानं घ्या. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं नको, आकडे बिघडतात.