म्युकर की अ‍ॅस्परजिलस? बुरशीचं नाव विचारा

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला भुरी आणि डावणी या द्राक्षावरच्या दोन रोगांतला फरक शिकवावा लागत नाही. पान उलटून बघितलं की त्याला कळतं, आणि एकीचं औषध दुसरीवर मारलं तर बाग हातची जाते हेही माहीत असतं. पण त्याच्याच घरातलं माणूस नाशिकला आयसीयूत असताना ‘फंगल इन्फेक्शन’ असं कानावर पडलं, की सगळं घर ‘काळी बुरशी’ एवढंच धरून बसतं. कोणती बुरशी, हे तिथेही विचारायलाच हवं.

म्युकरमायकोसिस (थोडक्यात म्युकर, लोक म्हणतात ती ‘काळी बुरशी’) आणि इन्व्हेसिव्ह, म्हणजे शरीरात खोल घुसणारा, अ‍ॅस्परजिलोसिस हे दोन आजार सहज एकमेकांत मिसळतात. दोन्हींचे बीजाणू मातीत, धुळीत, कुजक्या पाल्यात असतात आणि बहुतेक वेळा श्वासातून आत जातात. दोन्ही बुरश्या रक्तवाहिन्यांत घुसून पुढचा रक्तपुरवठा तोडतात आणि तिथला भाग मरतो. टाळूवर दिसणारा काळा डाग म्हणजे तो मेलेला भाग. सीटी स्कॅनवरही दोन्ही पुष्कळदा सारख्याच दिसतात.

खरं उत्तर मिळतं ते बायोप्सीच्या तुकड्यात. मायक्रोस्कोपखाली म्युकरचे तंतू रुंद, चपटे, वेडेवाकडे दिसतात. आडव्या भिंती जवळजवळ नसतात आणि फांद्या बऱ्याचदा काटकोनात फुटतात. अ‍ॅस्परजिलसचे तंतू सडपातळ, ठिकठिकाणी आडव्या भिंती असलेले, फांद्या साधारण ४५ अंशांत.

औषधाचं सगळं गणित यावर ठरतं. अ‍ॅस्परजिलससाठी पहिल्या पसंतीचं औषध व्होरिकोनाझोल. म्युकरवर ते चालतच नाही. तिथे लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी आणि मेलेला भाग ऑपरेशन करून काढणं, तेही झटपट. ब्लड कॅन्सरच्या काही रुग्णांना तर व्होरिकोनाझोल चालू असतानाच म्युकर झालेला आहे. रक्ताची गॅलेक्टोमॅनन टेस्ट अ‍ॅस्परजिलस हुडकते, म्युकर तिच्यात सापडत नाही. त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होणं जिवावर बेतू शकतं.

दोन्ही आजार एरवी दुर्मीळच, पण वाढीची कारणं वेगळी. अ‍ॅस्परजिलस केमोथेरपी, ट्रान्सप्लांट, स्टेरॉइडवर असलेले दम्याचे आणि सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) रुग्ण, गंभीर फ्लू यांच्या मागोमाग येतो. हॉस्पिटलातली तोडफोड, बांधकामाची धूळ हेही त्याचं जुनं निमित्त. पाश्चात्त्य देशांत म्युकरही मुख्यतः अशाच रुग्णांत दिसतो. आपल्याकडे मात्र त्याची वाट मधुमेहातून जाते. शुगर बेसुमार वाढून केटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) झाला की रक्तातलं लोह मोकळं होतं, पांढऱ्या पेशी मंदावतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात १९९० ते १९९९ या काळात म्युकरचे वर्षाला सरासरी १३ रुग्ण होते. २००० ते २००४ मध्ये ते ३६ च्या आसपास गेले आणि २००६-०७ मध्ये ५० वर. निदान सुधारलं हे त्यामागचं एक कारण, पण मला ते पुरेसं वाटत नाही. मधुमेहही त्याच काळात वाढत होता. मग २०२१ ची लाट आली. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. कोविड, स्टेरॉइड आणि आटोक्याबाहेरची शुगर एकत्र आली होती. त्या वर्षामुळे म्युकर म्हणजे कोविडचाच आजार असा समज पसरला. तो आधीही होता, अजूनही आहे. मधुमेही माणसाचा एका बाजूचा गाल दुखत असेल, वरचे दात अचानक हलायला लागले असतील किंवा एकाचं दोन दिसत असेल, तर त्याच दिवशी ईएनटी डॉक्टरांना दाखवावं.

बायोप्सी झाली की नमुन्याच्या डब्या पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाती देतात. तेव्हा एक गोष्ट बघून घ्या: पॅथॉलॉजीसाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये, पण बुरशीच्या तपासणीचा सलाइनमध्ये हवा. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते आणि मग कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघताना, काहीच उगवत नाही. सलाइनची डबी फ्रिजमध्ये न ठेवता लगेच मायक्रोबायोलॉजीत पोचवा. तिथे केओएच तपासणी (नमुना थेट मायक्रोस्कोपखाली बघणं) त्याच दिवशी होऊ शकते आणि कल्चरची वाट न बघता डॉक्टरांना उपचार सुरू करता येतात.