एकाच छपराखालचे दोन कॉम्प्युटर

शहापूर, वडगाव, खासबाग. बेळगावच्या या जुन्या वस्त्यांत घरं रुंदीला कमी आणि लांबीला भरपूर. रस्त्याला लागून दुकान, त्यामागं सोपा, मग माजघर आणि वर नंतर बांधून काढलेली एखादी खोली. अशा घरात डीटीपीचा धंदा असला की डिझाइन वरच्या खोलीत होतं आणि प्रिंटर खाली दुकानात असतो. लग्नपत्रिका मराठीत, दुकानाचा बोर्ड कन्नडमध्ये, शाळेच्या पावत्या इंग्रजीत; फाइलींची ये-जा दिवसभर. दोन्ही कॉम्प्युटरवर इंटरनेट झकास चालतंय आणि तरीही पोरगं पेनड्राइव्ह घेऊन जिना चढ-उतार करतंय. का, असं विचारलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरबद्दल उत्तर ठरलेलं: "कालपर्यंत दिसत होता की हो सर, आज दिसंनाच झालाय!"

यावर लोक तीन उपाय करतात. रीस्टार्ट, मग फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारा विंडोजचा पहारेकरी) बंद, मग फॉरमॅट. पहिल्यानं निदान नुकसान तरी होत नाही. खरी गोम अशी, की विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत दुसऱ्या कॉम्प्युटरचं चित्र दिसणं आणि त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दिसतो पण उघडत नाही, असं होतं. दिसत नाही पण पत्ता टाकला की लगेच उघडतो, असंही होतं, आणि माझ्या मते घरगुती तक्रारींत हे दुसरं प्रकरण जास्त असतं. म्हणून ती खिडकी आधी बंद करावी आणि खालून वर तपासत यावं: वाट आहे का, पत्ता बरोबर आहे का, दार उघडं आहे का, आणि आत जायची परवानगी आहे का.

पत्ता बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा पुरते. साधारणपणे १९२.१६८.१.२० असा काहीतरी आकडा येतो. हे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ साली तसा नियम लिहिला गेला. निपाणीतल्या एखाद्या घरात आणि खानापुरातल्या एखाद्या घरात अगदी हाच आकडा एकाच वेळी असू शकतो आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण हे पत्ते उंबऱ्याबाहेर जातच नाहीत. ते वाटतो राउटर, म्हणजे घरभर इंटरनेट पोचवणारा डबा. कॉम्प्युटर सुरू झाला की पत्ता मागतो, राउटर त्याला ठरावीक मुदतीसाठी एक देतो. मागूनही कुणीच उत्तर दिलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा एक पत्ता लावून घेतं. हा १६९ दिसला की शेअरिंगच्या सेटिंगला हातही लावू नये. दोष त्याच्या आधी आहे: केबल सुटलेली, राउटरचा पोर्ट गेलेला किंवा राउटरच अडकलेला.

आता "कालपर्यंत दिसत होता"चं एक नेहमीचं कारण. पावसाळ्यात आपल्या भागात वीज किती वेळा जाते-येते हे सांगायला नको. वीज आली की राउटर नव्यानं सुरू होतो, आणि बऱ्याच स्वस्त राउटरांत कुणाला कोणता पत्ता दिला होता याची नोंद वीज गेली की पुसली जाते. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो; तोवर घरातल्या एखाद्या मोबाइलनं तोच आकडा उचललेला असतो. खालचा कॉम्प्युटर मग २०चा २३ होतो आणि वरच्या डेस्कटॉपवरचा शॉर्टकट २०ला शोधत बसतो. यावर कायमचा उपाय राउटरच्या सेटिंगमध्येच असतो: दुकानातल्या कॉम्प्युटरचा मॅक पत्ता नोंदवून त्याच्यासाठी एकच आकडा राखून ठेवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण करून देणारे कमी.

हा मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक. घरातल्या घरात डेटा शेवटी जातो तो याच क्रमांकावर, १९२.१६८ हे वरचं नाव. मग या आकड्याचा तो क्रमांक कसा सापडतो? त्यासाठी आर्प नावाची एक पद्धत आहे, १९८२ साली डेव्हिड प्लमर यांनी मांडलेली, आणि ती अजूनही जशीच्या तशी चालते. गल्लीत उभं राहून मोठ्यानं हाक मारावी, "वीस नंबरवाला कोण हो?", तसा कॉम्प्युटर सगळ्यांना ऐकू जाईल असा प्रश्न टाकतो. ऐकतात सगळे, उत्तर एकटाच देतो: मी, माझा मॅक पत्ता हा. ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. गल्ली तिथं संपते.

तपासणीची माझी आवडती युक्ती इथूनच निघते. लोक 'पिंग' मारतात, म्हणजे समोरचा कॉम्प्युटर ओ देतो का ते विचारणारी आज्ञा चालवतात, आणि उत्तर आलं नाही की "कनेक्शनच नाही" म्हणून मोकळे होतात. पण विंडोजची फायरवॉल नव्या मशिनवर पिंगला सहसा उत्तरच देऊ देत नाही. म्हणून पिंग मारावा, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तरी खुशाल येऊ द्यावं, आणि लगेच 'आर्प' लिहून, जागा सोडून, आडवी रेघ आणि इंग्रजी 'ए' टाकून एंटर दाबावं. जी यादी येते तिच्यात समोरच्याचा आकडा आणि त्यापुढं सहा जोड्यांचा मॅक पत्ता असला, तर तो मशीन जिवंत आहे आणि तुमच्याच गल्लीत आहे, पिंग काहीही म्हणो. फायरवॉल पिंग अडवते, आर्पची हाक अडवत नाही. यादीत तो नसेल तर एक तर तो झोपलेला आहे (वीज वाचवण्यासाठी विंडोज मशीनला झोपवतं, आणि झोपलेला मशीन फाइल देत नाही), नाहीतर तो दुसऱ्या गल्लीत आहे.

दुसरी गल्ली एकाच घरात कुठून आली? जाड भिंतींमुळं. फायबरवाल्यानं खाली एक डबा बसवून दिलेला असतो, त्याचं वायफाय वर पोचत नाही. मग घरमालक बाजारातून दुसरा राउटर आणतो, खालून एक केबल ओढतो आणि ती वरच्या राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, भोकात खोचतो. वर इंटरनेट येतं, सगळे खूश. पण वरचा राउटर आता स्वतःचे वेगळे पत्ते वाटू लागलेला असतो: खाली १९२.१६८.१, वर १९२.१६८.०. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे मुद्दाम सारखेच ठेवले असतील तर कुणाला संशयही येत नाही.

या दोषाची खूण मोठी मजेची आहे: तो एकतर्फी असतो. वरून खालच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला तर तो उघडतो, खालून वरचा काही केल्या उघडत नाही. वरच्या राउटरच्या दृष्टीनं खालचं अख्खं दुकान म्हणजे 'बाहेरचं जग'. आतल्यानं बाहेर जायला त्याची हरकत नाही, पण बाहेरून न बोलावता आलेल्याला तो दारातच अडवतो. इंटरनेटवरच्या कुणालाही तुमच्या घरात शिरू न देणारी जी सोय, तीच इथं बापाला पोराच्या फोल्डरापासून रोखते. उपाय म्हणजे वरच्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाकणं, म्हणजे त्यानं पत्ते न वाटता फक्त वायफाय पसरवायचं. तो मोड नसेल तर वरच्याचा स्वतःचा पत्ता खालच्या मालिकेतला आणि मोकळा असा एखादा देऊन, त्याचं पत्ते वाटणं बंद करून, केबल 'वॅन'मधून काढून 'लॅन'मध्ये, म्हणजे घरातल्या जोडण्यांच्या भोकात, खोचायची. मग गल्ली एकच. पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर जोडलेल्या लॅपटॉपचंही दुखणं असंच. ते नेटवर्क घरातल्यांपासून मुद्दाम तोडलेलं असतं.

वाट आहे, पत्ता आहे. आता दार. विंडोजमध्ये फाइल मागण्याची भाषा एसएमबी नावाची. ती १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली, आणि आज तिचं दार क्रमांक ४४५चं आहे. पॉवरशेल या आज्ञा टाइप करायच्या दुसऱ्या खिडकीतली 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा पत्ता आणि हा दाराचा (म्हणजे पोर्टचा) क्रमांक देऊन चालवली की दार उघडं की बंद ते सरळ 'ट्रू' किंवा 'फॉल्स' असं कळतं. बंद असेल तर बहुतेक वेळा विंडोजनं घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' ठरवलेलं असतं. राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क. बस स्टँडवरचं वायफाय आणि तुमच्या माजघरातलं वायफाय त्याला सारखंच. सेटिंगमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' करावं आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करावं. अख्खी फायरवॉल बंद करायची गरज नसते, आणि जो माणूस ती बंद करून पैसे घेऊन जातो त्याला परत बोलावू नये.

आता त्या 'नेटवर्क' खिडकीकडे. जुन्या विंडोजमध्ये ही यादी कोण सांभाळणार हे ठरवायला घरातले कॉम्प्युटर आपापसात चक्क निवडणूक घेत. निवडून आलेला यादी ठेवी आणि बंद पडलेलं मशीन यादीतून जायला अर्धा तास सहज लागे. निवडणुकांनंतर चित्र उशिरा स्पष्ट होण्याचा अनुभव सीमाभागाला नवा नाही. नव्या विंडोजमध्ये निवडणूक गेली; आता प्रत्येक मशीन आपली ओळख स्वतःच जाहीर करतं, आणि त्यासाठी 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' नावाची सेवा चालू असावी लागते. ती बंद असली की कॉम्प्युटर ठणठणीत असूनही अदृश्य. म्हणूनच म्हणतो, फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढं थेट पत्ता टाकावा. उघडला तर खिडकीतल्या चित्राची काळजी सोडून द्यावी.

पत्ता टाकल्यावर पासवर्डाची चौकट आली तर वैतागू नका; ती शुभवार्ता आहे. वाट, पत्ता, दार, सगळं बरोबर निघालं. मात्र इथं हमखास चूक होते: रोज कॉम्प्युटर उघडताना जो चार आकडी पिन टाकतो, तोच इथं टाकला जातो. तो पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. इथं समोरच्या मशीनवरच्या खात्याचं नाव आणि त्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज नेटवर्कवरून त्याला आत घेत नाही. पूर्वी पासवर्ड बदलला असेल तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुना साठवलेला सापडतो. तो पुसला की काम होतं. आणि आत जाऊनही फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, अशी तक्रार असेल तर परवानग्या दोन थरांत असतात हे लक्षात घ्यावं: एक शेअरची, दुसरी डिस्कवरच्या फोल्डरची. दोन्हींत जी जास्त कडक, ती लागू.

दुकानात एखादा जुना कटिंग प्लॉटर असतो आणि त्याच्यासाठी जपून ठेवलेला विंडोज एक्सपीचा डबा. तो आणि नवा लॅपटॉप एकमेकांशी बोलत नाहीत, कारण एक्सपीला एसएमबीची पहिली आवृत्तीच येते आणि नव्या विंडोजनं ती टाकून दिली आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं याच आवृत्तीतल्या भोकातून जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, लोकांनी ती घेतली नव्हती. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १०पासून ही आवृत्ती सहसा मुळातच बसवलेली नसते. ती पुन्हा चालू करण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील. करू नका. एक्सपीच्या डब्याला इंटरनेटपासून तोडून पेनड्राइव्हवरच ठेवावं. त्या एका मशीनसाठी जिना चढण्यात कमीपणा नाही.

शेवटी वेग. सगळं जुळलं तरी चार जीबीची फ्लेक्सची फाइल खाली जायला सहा मिनिटं लागतात अशी कुरकूर आली, की मी केबलचं टोक हातात घेतो. आत आठ तारा, दोन-दोन पिळलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. सेकंदाला १०० मेगाबिटला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी पुरते. १००० मेगाबिटला चारही लागतात. उंदरानं तपकिरी तार कुरतडली किंवा ती क्लिपमध्ये नीट बसली नाही, तर जोडणी तुटत नाही, मुकाट्यानं १००वर उतरते. १०० मेगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला अकरा-साडेअकरा मेगाबाइट, म्हणजे त्या फाइलीला सुमारे सहा मिनिटं. क्लिप नव्यानं मारली तर, डिस्कनं साथ दिली तर, तेच काम चाळीस सेकंदांच्या आत. दोन्ही मशीन वायफायवर असतील तर प्रत्येक तुकडा एकदा वरून राउटरकडे आणि एकदा राउटरकडून खाली असा त्याच हवेतून दोनदा जातो, म्हणून निदान दुकानातला तरी केबलवर घ्यावा. आणि गणपती, कलश, मोराच्या बारीक चित्रांनी भरलेलं क्लिपआर्टचं फोल्डर उचलायचं असेल तर आधी झिप करावं: प्रत्येक छोट्या फाइलीसाठी 'उघडतो, वाचतो, बंद करतो' अशी दोन मशीनची बोलणी वेगळी होतात आणि वेळ जातो तो फाइलीत नाही, त्या बोलण्यांत.