ल्युमिनाल: फिट थांबवणारी गोळी मारेकऱ्यांच्या हाती

ज्या घरात कुणाला फिट येतात, त्या घरात ‘गार्डिनाल’ हे नाव लहान मुलांनाही पाठ असते. रोज रात्री घ्यायची छोटीशी गोळी, वर्षानुवर्षे चालणारी आणि खिशाला परवडणारी. तिच्यातल्या औषधाचे नाव फिनोबार्बिटोन. त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते अजून आहे. या औषधाचा जर्मनीत जो वापर झाला तो मात्र आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

फिनोबार्बिटोन हे बार्बिट्युरेट नावाच्या औषधांच्या कुळातले. या कुळाची सुरुवात १८६४ची. आडोल्फ फॉन बायर यांनी यूरिया आणि मॅलॉनिक आम्लापासून बार्बिट्युरिक आम्ल बनवले. त्याने झोप येत नव्हती. १९०३मध्ये एमिल फिशर आणि जोसेफ फॉन मेरिंग यांनी त्याच रेणूला कार्बनच्या शाखा जोडल्या, तो मेंदूपर्यंत पोचू लागला आणि ‘व्हेरोनाल’ हे झोपेचे औषध मिळाले. १९१२मध्ये बायर या औषध कंपनीने (वरच्या बायर यांच्याशी तिचा संबंध नाही) त्याचा धाकटा भाऊ, ‘ल्युमिनाल’, बाजारात आणला. ल्युमिनाल म्हणजेच आपल्या गार्डिनालमधले फिनोबार्बिटोन. तोही झोपेसाठीच.

त्याच वर्षी फ्रायबुर्गमध्ये आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तिशीतला डॉक्टर अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, रुग्णांची देखभाल करत होता. वॉर्डात रात्रभर कुणाला ना कुणाला फिट येई. रुग्ण शांत झोपावेत म्हणून त्याने ल्युमिनाल दिले. रात्रीच्या फिट कमी झाल्याच, पण त्याच्या लक्षात आले की त्याच रुग्णांना दिवसाही फिट कमी येत आहेत. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने असे झाले नसते. त्याआधी डॉक्टरांच्या हाती होते ते मुख्यतः ब्रोमाइड. ते फिट रोखायचे, पण अंगभर पुरळ उठायचे आणि माणूस मंद होऊन जायचा. हाउप्टमानने आपली निरीक्षणे लगेच प्रसिद्ध केली. माझ्या मते अपस्माराच्या उपचारातला हा सर्वांत मोठा टप्पा आहे.

हे औषध काम कसे करते? मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन चेतापेशींना शांत ठेवते. ते पेशीच्या आवरणातली क्लोराइडची दारे उघडते. क्लोराइड आत शिरले की पेशी सहजी उद्दीपित होत नाही. बार्बिट्युरेट ही दारे जास्त वेळ उघडी ठेवतात. मात्रा वाढली तर गाबा नसतानाही ती उघडतात. म्हणजे परिणामाला वरची मर्यादा उरत नाही, आणि श्वास चालवणारे मेंदूतले केंद्रही मंदावत जाते. सोबत दारू असेल तर आणखी लवकर.

ल्युमिनालचा आणखी एक गुण म्हणजे संथपणा. शरीरातले औषध निम्म्यावर यायला प्रौढ माणसात तीन-चार दिवस लागतात. म्हणूनच दिवसातून एक गोळी पुरते, आणि म्हणूनच जास्त मात्रा दिली तर औषध दिवसेंदिवस साचत जाते.

१९४०मध्ये लाइपझिग-ड्योझेनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख पाउल नित्शे याने नेमका हाच गुण हेरला. नाझींनी मनोरुग्ण, मतिमंद आणि अपस्माराचे रुग्ण यांना ‘जगण्यास नालायक’ ठरवले होते. अर्धपोटी ठेवलेल्या रुग्णांना रोज ल्युमिनाल दिले की ते गुंगीत पडून राहत, श्वास उथळ होई, न्यूमोनिया होई. दाखल्यावर मृत्यूचे कारण न्यूमोनिया लिहिले जाई, आणि नातेवाइकांना ते पटे. १९४१च्या ऑगस्टमध्ये हिटलरने रुग्णांसाठीच्या विषारी वायूच्या कोठड्या थांबवायला लावल्या, पण हत्या थांबल्या नाहीत. ठिकठिकाणच्या रुग्णालयांत गोळ्या, इंजेक्शने आणि उपासमार यांनी त्या चालूच राहिल्या. अपंग मुलांसाठी वेगळी मोहीम होती. तिच्यात किमान पाच हजार मुले मारली गेली, आणि त्यातही ल्युमिनालचा वापर सर्रास होता. अपस्मारावरच्या औषधाने अपस्माराचे रुग्ण मारले, आणि मारले ते डॉक्टर आणि परिचारिकांनी, ज्यांच्याकडे आईबापांनी आपली मुले विश्वासाने सोपवली होती. याचा मला आजही तितकाच संताप येतो. नित्शेला १९४८मध्ये ड्रेस्डेनमध्ये मृत्युदंड दिला गेला.

हाउप्टमान ज्यू होता. हाले इथल्या विद्यापीठात तो प्राध्यापक होता. १९३५मध्ये त्याला काढले, १९३८मध्ये डाखाउच्या छळछावणीत टाकले. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेत गेला आणि १९४८मध्ये तिथेच वारला.

युद्धानंतर या कुळातली झटपट झोप आणणारी भावंडे, नेम्ब्युटाल आणि सेकोनाल, अमेरिका-युरोपात घरोघरी पोचली. सवय लागली की झोपेसाठी मात्रा वाढवावी लागते, पण जिवावर बेतणारी मात्रा त्या प्रमाणात वाढत नाही. दोन्हींमधले अंतर आकसत जाते. १९६२मध्ये मेरिलिन मन्रो आणि १९६९मध्ये ज्युडी गारलंड यांचे मृत्यू याच गोळ्यांनी झाले. या गोळ्यांनी विषबाधा झालेल्यांना पूर्वी उत्तेजक औषधे टोचत आणि ती उलटी घातक ठरत. कोपनहेगनमध्ये १९४९पासून कार्ल क्लेमेसेन आणि एरिक नील्सन यांनी ती बंद करून केवळ श्वास, रक्तदाब आणि शुश्रूषा यांवर भर दिला. मृत्यूचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आले. विषबाधेवरचे आजचे उपचार याच पद्धतीवर उभे आहेत. १९६०मध्ये लिब्रियम हे वेगळ्या कुळातले शामक औषध आले आणि झोपेसाठी बार्बिट्युरेट लिहिणे हळूहळू मागे पडले.

भारतात फिनोबार्बिटोन १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळू नये. मोठ्यांसाठी आता नवी औषधे आहेत. मुलांमध्ये या गोळीने चिडचिड आणि अभ्यासातले लक्ष उडणे दिसते. नवजात बाळाच्या झटक्यांवर मात्र आजही पहिल्यांदा हेच दिले जाते. घरात कुणी ते घेत असेल तर दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. हे औषध यकृताची विकरे (औषधे मोडणारी एन्झाइम) वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांचा परिणाम कमी होऊ शकतो. दुसरे म्हणजे, “दोन वर्षांत फिट आली नाही, आता कशाला?” असे म्हणून गोळी एकदम बंद करू नये. एकामागून एक फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. डॉक्टर ही गोळी काही महिन्यांत, थोडी थोडी करत बंद करतात.