लँडिंग गिअरची दुरुस्ती : विमान ताब्यात घेण्यापूर्वी

उतरल्यानंतर धावपट्टीवर लहान विमानाच्या लँडिंग गिअरचा (चाके धरणाऱ्या यंत्रणेचा) एखादा पाय दुमडला, तर दोष सहसा वैमानिकाच्या माथी येतो. मात्र तपास नीट झाला की काही वेळा कारण हँगरमध्ये आधी झालेल्या कामात सापडते. म्हणून गिअरचे काम कुठे चुकू शकते, हे आमच्या ग्राहकांना माहीत असावे असे आम्हाला मनापासून वाटते.

आत ओढल्या जाणाऱ्या अनेक गिअरमध्ये ब्रेसचे, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या दांड्याचे, दोन दुवे सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अडकतात आणि त्यानंतरच तो पाय विमानाचा भार पेलू शकतो. जोडदांड्याच्या टोकाचे आटे थोडे जास्त किंवा कमी फिरवले गेले, तर दुवे त्या रेषेच्या अलीकडेच थांबतात. आणि त्याच वेळी मायक्रोस्विचही (गिअरची स्थिती ओळखून दिवा लावणारा छोटा स्विच) चुकीच्या जागी बसवलेला असेल, तर कुलूप पूर्ण लागण्याआधीच कॉकपिटमध्ये हिरवा दिवा लागतो. वैमानिक तीन हिरवे दिवे (प्रत्येक पायासाठी एक) पाहून निर्धास्तपणे उतरतो, आणि टॅक्सीवेकडे वळताना आडवा जोर आला की पाय दुमडतो. यावर उपाय एकच : विमान जॅकवर उचलून गिअर अनेक वेळा वर-खाली करून पाहणे आणि प्रत्येक वेळी दुव्यांची स्थिती प्रत्यक्ष डोळ्यांनी तपासणे. गिअर नेहमीच्या पद्धतीने उतरला नाही तर वापरायची आपत्कालीन यंत्रणाही त्याच वेळी चालवून पाहावी लागते. बीचक्राफ्ट बोनान्झा या लहान विमानात गिअर हाताने उतरवण्यासाठी दांडा सुमारे 50 वेळा फिरवावा लागतो. तो अडकतो की सहज फिरतो, हे जमिनीवरच कळलेले बरे.

दुसरी चूक वरवर निरुपद्रवी दिसते. ऑलिओ स्ट्रट (तेल आणि वायूच्या साहाय्याने धक्का शोषणारा गिअरचा दांडा) खाली बसला की त्यात केवळ नायट्रोजन भरून उंची वाढवली जाते, पण सीलमधून झिरपलेले तेल भरून काढले जात नाही. उभे विमान अगदी व्यवस्थित दिसते. उतरताना मात्र आदळण्याचा जोर शोषून घ्यायला पुरेसे तेल नसते, पिस्टन तळाला आपटतो आणि तो धक्का थेट सांगाड्यात जातो. नायट्रोजनऐवजी साधी दाबाची हवा भरली, तर तिच्यातील ओलावा आतून गंज चढवतो. बहुतेक लहान विमानांच्या स्ट्रटमध्ये 5606 प्रतीचे लाल खनिज तेल चालते. मोटारीचे ब्रेक ऑइल त्यात गेल्यास सील फुगून निकामी होतात.

जुनी स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालून टोके वाकवलेली पिन) सरळ करून पुन्हा घालणे, पकड गेलेला लॉकनट वापरणे किंवा विमान जोराच्या पाण्याने धुतल्यावर सांध्यांना नव्याने ग्रीस न देणे, या चुकाही तितक्याच गंभीर आहेत.

आमच्याकडे गिअरचे काम पूर्ण झाल्यावर, ते ज्याने केले नाही असा दुसरा तंत्रज्ञ प्रत्येक जोड पुन्हा तपासतो. जॅकवरील चाचणीच्या वेळी आपण स्वतः उपस्थित राहावे, बदललेले जुने भाग मागून घ्यावेत आणि लॉगबुकमध्ये नेमके काय उघडले होते याची नोंद वाचावी, अशी आमची विनंती आहे. उड्डाणापूर्वी पिस्टनच्या चकचकीत भागावर साचलेली धूळ हायड्रॉलिक तेलात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावी, कारण तीच धूळ सील कापते. आणि विमान कधी जोरात आदळले असेल, तर बाहेरून काहीही दिसत नसले तरी ते आम्हाला अवश्य सांगावे. त्या पायाच्या सांध्यांतील बारीक तडे रंगद्रव्य लावून शोधावे लागतात, नेहमीच्या तपासणीत ते निसटू शकतात.